चांदीचे पाणी : पेल्यातले खरे, पोटातले खोटे



चांदीची एकही वस्तू नाही असे घर आपल्याकडे विरळाच. पैंजण, जोडवी, करगोटा, देवघरातले निरांजन, बारशाला आलेली वाटी, काही ना काही असतेच. चांदीच्या वाटीतून बाळाला पाजावे, चांदीच्या भांड्यातले पाणी चांगले राहते, हे आपण आजीच्या तोंडून ऐकत आलो. त्यामुळे ‘चांदीचे पाणी औषधी असते’ असे कुणी म्हटले, तर ते आपल्याला परके वाटत नाही. पटकन पटते.

नेमके इथेच सावध व्हायला हवे. चांदीच्या दोन तारा, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आणि पेलाभर पाणी, एवढ्या सामानात घरच्या घरी औषध तयार होते, अशी कृती आता मोबाइलवर कुणालाही बघायला मिळते. सर्दी-खोकल्यापासून क्षयापर्यंत आणि कर्करोगापर्यंत सगळ्यावर ते चालते, असा दावा असतो. माणसाला चालते तर जनावरालाही चालेल, असे म्हणून गाईच्या कासदाहावरही त्याचे नाव घेतले जाते. खर्च जवळजवळ नाही, अपाय काहीच नाही, असेही वर सांगतात.

यात काही गोष्टी खऱ्या आहेत, हे आधीच सांगतो. चांदीने जंतू मरतात हे खरे. तारा आणि बॅटरीने पाण्यात चांदी उतरते हेही खरे. पण पेल्यात जे घडते तेच पोटात आणि कासेत घडते का? आणि आपण केलेल्या पाण्यात चांदी किती उतरली, हे आपल्याला मोजता येते का? या दोन प्रश्नांवर सगळे अवलंबून आहे. म्हणून टप्प्याटप्प्याने बघू.

ही कृती आली कुठून?

प्रतिजैविके, म्हणजे आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, यायच्या आधी चांदीची औषधे डॉक्टर मंडळी सर्रास वापरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत नाकात, डोळ्यांत, घशात घालण्याची चांदीची औषधे दुकानात मिळत. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन सगळीकडे मिळू लागले आणि ही औषधे मागे पडली. ती वाईट होती म्हणूनच मागे पडली असे नाही. त्यांच्यापेक्षा खात्रीची औषधे आली, हे मोठे कारण.

पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेत तीच चांदी ‘नैसर्गिक पूरक’ म्हणून पुन्हा विकायला आली. बाटली महाग वाटू लागली तशी बॅटरी आणि तारेची घरगुती कृती पसरली. हे प्रकरण इतके वाढले की ऑगस्ट १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नियम काढला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकली जाणारी, चांदीचे कलिल किंवा चांदीचे क्षार असलेली औषधे सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत हेच पाणी कोरोनावर म्हणून खपवले जाऊ लागले, तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणांनी अशी उत्पादने विकणाऱ्यांना पुन्हा इशाऱ्याची पत्रे धाडली. थोडक्यात, आपल्याकडे ‘प्राचीन ज्ञान’ म्हणून येणारी ही कृती अमेरिकेतून आलेली आहे. आपल्या आजीच्या चांदीच्या वाटीशी तिचा फारसा संबंध नाही. आयुर्वेदातले रौप्यभस्मही वेगळे. त्याची कृती वेगळी, ते वैद्याने द्यायचे औषध. मिठाईवरचा वर्ख म्हणजे ठोकून पातळ केलेली धातूची चांदी. तिची शुद्धता १००० भागांत ९९९ भाग असावी, असा अन्न सुरक्षेचा नियम आहे. या सगळ्यांची सरमिसळ करू नका.

पेल्यात काय होते?

आठवी-नववीच्या विज्ञानात विद्युत अपघटन शिकलेली मुले घरात असतील, तर ती तुम्हाला हे समजावून सांगतील. चांदीच्या दोन तारा पाण्यात उभ्या केल्या आणि त्यांना बॅटरी जोडली, की धन टोकाच्या तारेची चांदी कणाकणाने सुटते आणि विद्युतभारित होऊन पाण्यात उतरते. अशा भारित कणाला आयन म्हणतात. ऋण टोकाच्या तारेवर पाण्यातून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे निघतात. वाढत्या वेळाबरोबर काही आयन एकत्र येऊन चांदीचे अतिसूक्ष्म कण होतात. केसाच्या जाडीच्या हजारपट आणि त्याहूनही लहान. हे कण तळाशी न बसता तरंगत राहतात. अशा मिश्रणाला शास्त्रात कलिल म्हणतात. दूध हे आपल्या ओळखीचे कलिल.

या पाण्याचे नाव ‘कलिल चांदी’ असले, तरी घरी केलेल्या पाण्यात बहुतेक चांदी कणरूपात नसते, आयनरूपात विरघळलेली असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पाणी तयार झाले की नाही हे ओळखायला दोन खुणा सांगतात. एक, पाण्याला हलका पिवळा रंग येतो. दोन, अंधारात लेझरचा किरण सोडला की पाण्यात त्याची रेघ दिसते. दोन्ही खुणा खऱ्या आहेत. कौलातून कवडसा पडला की त्यात धूळ चमकताना दिसते, तसाच हा प्रकार. पण कवडशात धूळ दिसली म्हणून घरात किती ग्रॅम धूळ आहे हे सांगता येईल का? रंग आणि रेघ यांवरून कण आहेत एवढेच कळते. चांदी किती, हे कळत नाही. आणि विरघळलेले आयन तर रंगही देत नाहीत, रेघही देत नाहीत. पाणी नितळ दिसते आणि चांदी त्यात असते.

किती उतरली? हिशेब करू

फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला पीपीएम नवे नाही. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जीए घातले की ते १० पीपीएम झाले, हे द्राक्षबागायतदाराला झोपेतही सांगता येते. एक पीपीएम म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम. आता हीच मोजपट्टी चांदीला लावू.

पाण्यातून एक मिलिअँपिअर एवढी बारीक वीज एक तास वाहिली, तर जास्तीत जास्त चार मिलिग्रॅम चांदी सुटते. हा फॅरेडेच्या नियमाचा साधा गुणाकार आहे. पावशेर पाण्याचा, म्हणजे २५० मिलिलिटरचा पेला घेतला आणि एक मिलिअँपिअर वीज पाव तास दिली, तर एक मिलिग्रॅम चांदी उतरेल. म्हणजे चार पीपीएम.

पण वीज एक मिलिअँपिअरवर थांबते कुठे? शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वीज फार कमी वाहून नेते. चांदीचे आयन उतरू लागले की तेच पाणी जास्त वीज नेऊ लागते आणि वेग आपोआप वाढत जातो. कुणी ‘लवकर व्हावे’ म्हणून चिमूटभर मीठ टाकले, तर वीज एकदम वीसपट झाली तरी नवल नाही. त्याच पेल्यात, तेवढ्याच पाव तासात, ४ च्या जागी ८० पीपीएम. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घेतले तर त्यात क्षार आधीच असतात. मग पाणी दुधाळ किंवा राखाडी होते आणि लोकांना वाटते, औषध कडक झाले!

एक आणखी गोष्ट. शुद्ध चांदीची तार सगळ्यांकडे कुठून असणार? मग पैंजणाचा तुकडा लावला जातो. दागिन्याच्या चांदीत मजबुतीसाठी तांबे मिसळलेले असते. जिथे डाग दिलेला असतो तिथे जस्त असते, काही वेळा कॅडमियमसारखा विषारी धातूही असतो. बॅटरी काही ‘फक्त चांदीच सोडा’ असे तारेला सांगत नाही. जे असेल ते थोडेफार पाण्यात उतरते. आणि बॅटरीच्या जागी घरातल्या विजेवर चालणारा जुना चार्जर कापून जोडणे म्हणजे तर जिवाशी खेळ. ओल्या हाताला शॉक बसायला एक क्षण पुरतो.

आता मर्यादा बघा. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, चांदीची कमाल मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. या मर्यादेचे पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलो, तर पोटात ०.२ मिलिग्रॅम चांदी जाईल. १० पीपीएमच्या घरगुती पाण्याचा एक चमचा, १५ मिलिलिटर, घेतला तर ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या आतच. पण त्याच पाण्याचा २०० मिलिलिटरचा ग्लास घेतला, तर दोन मिलिग्रॅम, म्हणजे दहापट. आणि मिठाचे ८० पीपीएमचे पाणी असेल तर १६ मिलिग्रॅम, म्हणजे ऐंशीपट. चमचा घेणारा आणि ग्लास घेणारा, दोघेही म्हणणार, ‘आम्ही चांदीचे पाणी घेतो.’ बाटलीवर काही लिहिलेले नाही आणि घरात मोजायचे साधन नाही.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि मग नळाच्या पाण्याची ओटी चाचणी घेतो. रंग आला की क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. चांदीसाठी गावपातळीवर अशी कोणतीही चाचणी नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

पोटात गेल्यावर

चांदीचा आयन जंतूंना का मारतो? चांदीला गंधकाची भारी ओढ आहे. पैंजण काळे पडते ते हवेतल्या आणि घामातल्या गंधकाच्या संयुगांमुळे. द्राक्षावर गंधक धुरळून आलेल्या हातातली अंगठी दुसऱ्या दिवशी बघा, म्हणजे पटेल. जंतूंच्या शरीरातल्या प्रथिनांतही गंधक असते. चांदी त्याला जाऊन चिकटते, जंतूचे काम बंद पडते आणि तो मरतो. स्वच्छ पाण्याच्या पेल्यात हे चांगले घडते, कारण तिथे चांदी आणि जंतू यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही.

पोटात मात्र गर्दी आहे. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, म्हणजे क्लोराइड असते. चांदीचा आयन क्लोराइडला भेटला की सिल्व्हर क्लोराइड तयार होते. ही पांढरी भुकटी साध्या पाण्यात लिटरला जेमतेम दोन मिलिग्रॅम विरघळते. जी थोडी चांदी यातून सुटते तिला अन्नातली प्रथिने धरतात. तोंडावाटे घेतलेली बहुतेक चांदी शौचावाटे निघून जाते. थोडी रक्तात पोहोचते, पण रक्तातही क्लोराइड आणि गंधक असलेली प्रथिने भरपूर. तेव्हा फुप्फुसातल्या किंवा आतड्यातल्या जंतूपर्यंत मोकळा, कामाचा आयन पोहोचणार कसा?

म्हणून ‘पेल्यातले जंतू मरतात’ हा पुरावा ‘पोटातला रोग बरा होतो’ याचा पुरावा होत नाही. फिनेलनेही पेल्यातले जंतू मरतात, पण म्हणून कुणी फिनेल पीत नाही. चांदीचे पाणी प्यायल्याने अमुक रोग बरा होतो, असे माणसांवरच्या नीट केलेल्या तुलनात्मक चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. उलट, काही प्रतिजैविके आणि थायरॉइडची गोळी शरीरात शोषली जाण्यात चांदी अडथळा आणते. म्हणजे चालू असलेले खरे औषधही अपुरे पडू शकते.

निळे पडलेले उमेदवार

शरीरात राहिलेली चांदी कुठे जाते? ती त्वचेत, हिरड्यांत, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात साठते. जुन्या फोटो स्टुडिओतला कागद आठवा. त्यावर चांदीचे क्षार असत. उजेड पडला की ते काळे पडत आणि चित्र उमटे. त्वचेतही तेच होते. ऊन लागणारा भाग, म्हणजे चेहरा, मान, हात, आधी राखाडी आणि मग निळसर होतो. या विकाराला अर्जिरिया म्हणतात. पाणी प्यायचे थांबवले तरी रंग जात नाही, आणि तो उतरवणारे पोटात घ्यायचे औषध नाही. आपले काम दिवसभर उन्हात, हे विसरू नका.

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातले स्टॅन जोन्स हे याचे जगजाहीर उदाहरण. सन २००० उजाडताच जगातले संगणक बंद पडतील आणि प्रतिजैविके मिळेनाशी होतील, या भीतीने त्यांनी १९९९ पासून घरी चांदीचे पाणी करून प्यायला सुरुवात केली. संगणक काही बंद पडले नाहीत, पण त्यांची त्वचा मात्र निळी-राखाडी झाली. २००२ मध्ये ते सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या रंगाची बातमी जगभर छापून आली.

प्रत्येक पिणारा निळा पडतो असे मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आयुष्यभरात पोटात गेलेली एकूण चांदी १० ग्रॅमपर्यंत असेल, तर हा विकार दिसत नाही. रोज दोन मिलिग्रॅम घेणाऱ्याला तिथवर जायला तेरा-चौदा वर्षे लागतील. रोज १६ मिलिग्रॅम घेणारा पावणेदोन वर्षांच्या आत पोहोचेल. म्हणजे चमचाभर घेणाऱ्याला रंगाची भीती फारशी नाही. त्याचे नुकसान दुसरेच आहे, आणि ते लवकर होते. ते म्हणजे खऱ्या उपचाराचे हुकलेले दिवस. दोन आठवड्यांवर गेलेला खोकला घरच्या बाटलीवर महिनाभर काढला आणि तो क्षय निघाला, तर रोगी स्वतः खंगतोच, शिवाय घरातल्या लेकराबाळांनाही लागण देतो. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. मग ही जोखीम कशासाठी?

गाईच्या कासेचे काय?

हाच हुकलेल्या दिवसांचा मुद्दा गोठ्यात अधिक महागात पडतो. कासदाह, म्हणजे काही भागांत ज्याला दगडी म्हणतात, त्यात तासातासाला महत्त्व असते. कास सुजली, गरम लागू लागली, दुधात गाठी किंवा रक्त आले, की त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवायला हवे. दोन दिवस घरगुती प्रयोगात गेले तर सड कायमचा बाद होतो. दुभत्या गाईचा एक सड गेला, तर पुढच्या प्रत्येक वेतात तोटा ठरलेला.

कुणी म्हणेल, ‘साहेब, पोटात आम्ल असतं, कासेत थोडंच असतं? तिथं चांदी चालेल की!’ प्रश्न रास्त आहे. पण दुधात क्लोराइड असते आणि कासदाह झाला की ते आणखी वाढते. म्हणून तर आजारी सडाचे दूध खारट लागते. दुधातली प्रथिनेही चांदीला धरून ठेवतात. म्हणजे जिथे औषध लागायचे तिथेच ते निकामी व्हायची सोय झालेली. त्यात घरी केलेले पाणी निर्जंतुक नसते. ते सडात सोडताना सिरिंजबरोबर बाहेरचे जंतू आणि बुरशी आत जातात. दगडीवर दगडी! आणि घरच्या बाटलीला लेबल नाही. त्यामुळे त्या गाईचे दूध किती दिवस बाजूला ठेवायचे, तेही कुठे लिहिलेले नाही. ते दूध डेअरीत जाणार आणि आपल्याच पोरांच्या पेल्यात येणार.

त्यापेक्षा एक साधी, मोजता येणारी चाचणी घरी करा. अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवा. प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगळ्या वाटीत घेऊन त्यात तेवढेच हे पाणी घाला आणि मिनिटभर गोल फिरवा. मिश्रण पातळ राहिले तर सड ठीक. शेंबडासारखे घट्ट झाले तर वरून कास चांगली दिसत असली तरी आत दाह सुरू आहे असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा. वाटीतले दूध फेकून द्या. धार काढल्यावर सड पशुवैद्यकीय आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि गाईला वैरण टाकून अर्धा तास उभी ठेवा. धारेनंतर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते. ती लगेच बसली तर शेणातले जंतू आत शिरतात. आजारी गाईची धार सगळ्यांत शेवटी काढा.

चांदीचे खरे उपयोग

चांदी बिनकामाची आहे, असे समजू नका. १८८० च्या सुमारास जर्मनीतल्या लाइपझिग शहरात डॉ. क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणाचा थेंब घालायला सुरुवात केली आणि जन्मावेळच्या संसर्गाने येणारे अंधत्व झपाट्याने कमी झाले. १९६८ मध्ये भाजलेल्या जखमेवरचे सिल्व्हर सल्फाडायझिन मलम आले. ते आजही दवाखान्यात मिळते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नॅनो चांदीच्या मलमावर काम झाले. २००९ मध्ये टाटांनी बाजारात आणलेल्या ‘स्वच्छ’ या जलशुद्धीकरण यंत्रात तर भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे सूक्ष्म कण बसवलेले होते.

शेतीतही चांदी आहे. काकडीच्या काही वाणांना मादी फुलेच येतात. त्यांचे बी धरायचे तर नर फुले हवीत. चांदीचा आयन झाडातल्या इथिलीनचे काम रोखतो, म्हणून सिल्व्हर नायट्रेट किंवा सिल्व्हर थायोसल्फेट फवारले की त्या वेलाला नर फुले येतात. कार्नेशनची कापलेली फुले जास्त दिवस ताजी राहावीत म्हणूनही याच तत्त्वाचा उपयोग केला गेला.

या सगळ्या उदाहरणांत चांदीची मात्रा मोजलेली आहे. ती जखमेवर, डोळ्यात, पाण्याच्या गाळणीत किंवा वेलावर लावलेली आहे. पिऊन रोग बरा केल्याचे उदाहरण यात एकही नाही. आणि सरसकट वापराला किंमत मोजावी लागते. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांच्या विभागात चांदीला दाद न देणारे जंतू सापडले. ते काही प्रतिजैविकांनाही दाद देत नव्हते. कीटकनाशक वारंवार मारल्यावर किडीत प्रतिकार तयार होतो, हे आपण कापसावर पाहिलेले आहेच.

बोर्डो घरीच करतो, मग हे का नको?

हा प्रश्न जाणता शेतकरी विचारणारच. बोर्डो मिश्रणही धातूचेच, तांब्याचे, आणि आपण ते घरीच करतो. मग फरक काय?

फरक मोजमापाचा आहे. एक टक्क्याच्या बोर्डोला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी, हे ठरलेले. झाले की चकचकीत खिळा किंवा विळ्याचे पाते द्रावणात बुडवून बघायचे. तांबूस थर चढला तर तांबे मोकळे आहे, चुना वाढवायचा. नाही चढला तर फवारायला हरकत नाही. शिवाय ते पानावर बसते, जिथे बुरशी उगवते तिथेच. १८८५ च्या सुमारास फ्रान्समध्ये मिलार्डे यांनी ते मांडले आणि तेव्हापासून फवारलेली बाग शेजारी न फवारलेल्या बागेशी ताडून बघितली गेली.

घरचे म्हणून वाईट, असे माझे म्हणणे नाही. पण माप, तपासणी, योग्य जागा आणि तुलना या चारही गोष्टी बोर्डोत आहेत आणि चांदीच्या पाण्यात एकही नाही. डाळिंबाच्या तेल्यावर किंवा करप्यावर चांदीची बाटली कुणी विकायला आणली, तर आधी लेबल बघा. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक, पिकाचे नाव, मात्रा आणि पक्के बिल, यातले काही नसेल तर पैसे खिशातच ठेवा. चांदी जमिनीतल्या उपयोगी जिवाणूंनाही मारू शकते, आणि मासे व पाण्यातल्या बारीक जिवांना ती विषारी आहे.

‘मला गुण आला’ म्हणजे काय?

‘आमच्या पाहुण्यांना आठ दिवसांत फरक पडला’ असे ऐकायला मिळते. पाहुणे खोटे बोलत नाहीत. पण सर्दी औषध घेतले तरी आठवड्यात आणि नाही घेतले तरी आठवड्यात जाते. आपण नवे वाण बघताना काय विचारतो? शेजारी, त्याच रानात, त्याच पाण्यावर जुन्या वाणाला किती उतारा पडला? तुलनेचा तुकडा नसेल तर आपण वाणाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवत नाही. मग जेवढी चिकित्सा आपण बियाण्याच्या पिशवीची करतो, तेवढी पोटात जाणाऱ्या बाटलीची करायला नको का?

तेव्हा बंधू-भगिनींनो, पिण्याच्या पाण्याला क्लोरीनचे थेंब घाला किंवा ते उकळून घ्या. मोठ्या भाजण्यावर घरची बाटली नको, थंड पाणी ओता आणि दवाखाना गाठा. खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासा. कास सुजली की पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा. फिरत्या पथकासाठी १९६२ हा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. कुणी चांदीचे पाणी आधीच घेत असेल तर ते थांबवा, आणि डॉक्टरकडे जाल तेव्हा ही गोष्ट लपवू नका. किती दिवस, किती मात्रेत घेतले, ते सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसलात, तर त्यांना औषध ठरवायला अडचण होईल.

आणि चांदीची ती तार? सोनाराला परत द्या, नाहीतर लेकीच्या पैंजणात घाला. तिथे ती शोभते.